नाळेला काय लावायचं?

बाळ घरी आलं की पहिल्या एक-दोन दिवसांत हमखास प्रश्न येतो, "डॉक्टर, नाळेला काय लावू?" उत्तर सोपं आहे : काही नाही. पण ते ऐकून शेजारी उभ्या असलेल्या आजीचा चेहरा उतरतो. आजीला हसू नका. नाळेची भीती उगाच आलेली नाही.

पूर्वी घरातल्याच विळ्याने नाळ कापत, हाताला लागेल त्या दोऱ्याने बांधत आणि लवकर वाळावी म्हणून तिला हळद, राख, तेल, कुठे कुठे शेणही लावत. हेतू चांगलाच होता. पण कापलेल्या नाळेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. माती आणि शेणात राहणाऱ्या धनुर्वाताच्या जंतूंना अशीच मृत, ओलसर जागा लागते. मातीतून धनुर्वात होतो हे जर्मनीत आर्थर निकोलायर यांनी 1884 मध्ये दाखवलं आणि 1889 मध्ये जपानी शास्त्रज्ञ कितासातो यांनी तो जंतू वेगळा काढला. तोवर कुणाला काय कळणार?

पहिले दोन-तीन दिवस छान दूध ओढणारं बाळ अचानक ओढेनासं होई. जबडा घट्ट मिटे, जरा हात लावला की अंग ताठ होई. हे साधारण तिसऱ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत घडतं. आता आठवून पाहा : आपल्याकडे पाचवी पुजतात, सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात आणि बारसं बाराव्या दिवशी करतात. यामागे धनुर्वातच होता असं सिद्ध करता येणार नाही. पण मला तो निव्वळ योगायोग वाटत नाही.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा या लहानशा बेटावर एकोणिसाव्या शतकात निम्म्याहून जास्त बाळं पहिल्या काही दिवसांतच जात. लोक त्याला 'आठ दिवसांचा आजार' म्हणत आणि देवाची इच्छा मानून गप्प बसत. शेवटी तिथले धर्मगुरू अँगस फिडिस स्वतः ग्लासगोला जाऊन निर्जंतुक पद्धतीने बाळंतपण कसं करायचं ते शिकून आले. 1890 च्या दशकात तो आजार बेटावरून गेला. तेव्हा लस नव्हती. फक्त स्वच्छता होती!

भारतात स्वच्छतेच्या जोडीला लसही आली. गरोदर बाईला इंजेक्शन दिलं की तिच्या रक्तातलं संरक्षण वारेतून बाळापर्यंत पोचतं. दाईंना 'पाच स्वच्छ' शिकवले गेले : स्वच्छ हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळ. 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं की भारतात माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं निर्मूलन झालं आहे. जंतू मात्र मातीत आहेतच, म्हणून गरोदरपणातलं ते इंजेक्शन चुकवू नका.

डॉक्टरमंडळींनीही नाळेला बरंच काही लावलं आहे. जांभळं औषध लावलं, स्पिरिट लावलं. स्पिरिटने तर नाळ पडायला उशीरच होतो. त्यामुळे आता रुग्णालयात जन्मलेल्या बाळाची नाळ फक्त स्वच्छ आणि कोरडी ठेवायला सांगतात. लंगोट नाळेच्या खाली दुमडा. नाळ ओढू नका. ती साधारण एक-दोन आठवड्यांत आपोआप गळून पडते. तेव्हा रक्ताचा एखादा थेंब दिसला तर घाबरू नका. पण बेंबीभोवती लाली किंवा सूज आली, पू किंवा दुर्गंधी आली, रक्त थांबेना, बाळाला ताप आला किंवा ते दूध ओढेनासं झालं, तर त्याच दिवशी बाळाला दाखवा.