पडद्यांपलीकडील स्वर : हवाईयन गिटार आणि हिंदुस्थानी रागसंगीतातील रचनाप्रक्रिया

बीजसंज्ञा : हवाईयन गिटार, मींड, रागसंगीत, ब्रिजभूषण काब्रा, रचनाप्रक्रिया

प्रस्तावना :
संगीताच्या इतिहासलेखनात वाद्यांची बनावट आणि वादकांची चरित्रे यांना मोठे स्थान मिळाले आहे. वादनतंत्र बदलले की संगीतरचनाही कशी बदलते, या प्रश्नाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. हिंदुस्थानी रागसंगीतात गिटारचा झालेला प्रवेश हे या दृष्टीने अभ्यसनीय उदाहरण आहे. अपारंपरिक तंत्र हे केवळ चमत्कृतीसाठी नव्हे, तर रचनेच्या निकडीतून स्वीकारले गेले, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

तंत्राचा उगम आणि प्रवास :
एकोणिसाव्या शतकात परदेशी गुराखी व खलाशी यांच्याबरोबर गिटार हवाई बेटांवर पोहोचली. ओआहू बेटावरील जोसेफ केकुकू याने १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तारांवरून पोलादी तुकडा सरकवून वादन करण्याची पद्धत विकसित केली, असे सामान्यतः मानले जाते. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्को येथील जागतिक प्रदर्शनानंतर आणि ध्वनिमुद्रिकांच्या प्रसारामुळे हे वादन जगभर पोहोचले. हवाईयन वादक ताऊ मो यांचे १९४० च्या दशकात कलकत्त्यात वास्तव्य होते. पुढे बंगाली व हिंदी चित्रपटसंगीतातही ही गिटार रुळली.

तार घासून स्वर काढणे भारताला नवे नव्हते. विचित्रवीणा आणि दक्षिणेतील गोट्टुवाद्यम ही वाद्ये याच तत्त्वावर वाजतात. त्यामुळे वाद्य परके असले, तरी हाताची चाल परिचित होती.

मींडेचा प्रश्न :
गिटारच्या मानेवरील पक्के पडदे सप्तक बारा समान भागांत विभागतात. रागसंगीतात मात्र दोन स्वरांमधील प्रवासही अर्थपूर्ण असतो. सतारीच्या रुंद, वक्र पडद्यांवर तार आडवी खेचून मींड घेता येते. गिटारवर त्यास फारच थोडा वाव असतो. याच स्वरूपाच्या आक्षेपामुळे आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. यावरून या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. हवाईयन पद्धतीत गिटार मांडीवर आडवी ठेवून तारा उंच केल्या जातात. पडदे असूनही निरुपयोगी ठरतात आणि स्वर अखंड वाहू शकतो.

काब्रा आणि १९६७ ची ध्वनिमुद्रिका :
जोधपूर येथे जन्मलेले ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) हे सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य होते. सरोदच्या गुळगुळीत धातूच्या पट्टीवरील मींडप्रधान आलाप त्यांनी पोलादी कांडीच्या साहाय्याने गिटारवर उतरविला आणि चिकारीच्या तारांची जोड देऊन लयीचा आधार निर्माण केला.

या प्रयोगाचे रचनात्मक फलित १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत दिसते. काश्मीरमधील एका मेंढपाळाचा दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत रागक्रमातून मांडण्याची ही कल्पना होती. पं. शिवकुमार शर्मा (संतूर), पं. हरिप्रसाद चौरसिया (बासरी) व काब्रा यांच्यासह तबल्यावर माणिकराव पोपटकर होते. निर्मिती मराठी भावगीताच्या आरंभकाळातील गायक जी. एन. जोशी यांची होती. संतूरच्या आघाताचा नाद लवकर विरतो. बासरीचा स्वर श्वासावर अवलंबून असतो. गिटारचा स्वर छेडल्यानंतरही सरकत राहतो. या तीन भिन्न गुणधर्मांमुळे संवादात्मक रचना शक्य झाली. संतूर आणि गिटार ही दोन्ही वाद्ये त्या काळी रागसंगीताच्या मंचावर नवागतच होती, ही बाबही लक्षणीय आहे.

पुढील विस्तार आणि मर्यादा :
पं. विश्वमोहन भट्ट यांनी तरफांची जोड देऊन ‘मोहनवीणा’ घडविली. राय कूडर यांच्यासमवेतच्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) या ध्वनिमुद्रिकेस १९९४ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. काब्रांचे शिष्य पं. देबाशिष भट्टाचार्य यांनी ‘चतुरंगी’, ‘गांधर्वी’ व ‘आनंदी’ ही वाद्ये तयार केली. तथापि प्रत्येक सोयीची किंमत असते. बोटांऐवजी कांडी वापरल्याने द्रुत ताना व सूक्ष्म गमक कठीण होतात आणि कांडी किंचित हलली तरी स्वर बेसूर होतो. या मर्यादांनीही वादकांना उजव्या हाताच्या बोलांचा नवा विचार करावयास लावले.

निष्कर्ष :
हवाईयन बेटे, कलकत्ता, जोधपूर आणि मुंबईतील ध्वनिमुद्रण-व्यवसाय अशा अनेक ठिकाणच्या अनुभवांतून हे तंत्र घडले. ते एकाच प्रतिभावंताच्या नावे नोंदविल्यास वाटेत भर घालणारे अनेक हात इतिहासातून वगळले जातात. तसेच ‘स्वदेशी’ व ‘परकीय’ ही लेबले वाद्याच्या उगमाची माहिती देतात, त्याच्या सांगीतिक क्षमतेचा निवाडा करीत नाहीत. रागाची गरज ओळखून वाद्याला वळण देणे हीच येथील खरी सर्जनप्रक्रिया होय. संगीताच्या इतिहासलेखनाने वादकांच्या नावांइतकीच त्यांच्या हातांच्या कामाचीही नोंद ठेवणे आवश्यक आहे.