स्वयंसेवकांची यादी : नागपूरचा झेंडा सत्याग्रह ते आजचे संकेतस्थळ

कोणत्याही सार्वजनिक संस्थेचा सुवर्णमहोत्सव आला की जुन्या वह्या बाहेर निघतात. देणगीदारांची नावे पावतीपुस्तकांत सापडतात, विश्वस्तांची नावे ठरावांच्या वहीत सापडतात, कित्येक नावे संगमरवरी फलकावर कोरलेलीही असतात. मांडव उभारणारे, पाणी देणारे, पादत्राणे सांभाळणारे, सर्व पंगती उठल्यावर भांडी मोजून ठेवणारे जे स्वयंसेवक, त्यांची नावे मात्र बहुधा कोठेच नसतात. त्यांची यादी होते ती कार्यक्रमापुरती. कार्यक्रम आटोपला की तो कागद रद्दीत जातो.

अलीकडे ही यादी कागदावर होत नाही. अनेक संस्थांच्या संकेतस्थळांवर ‘स्वयंसेवक नोंदणी’ असा एक अर्ज असतो. नाव, वय, भ्रमणध्वनी क्रमांक आणि सोयीचे दिवस भरले की नोंद पूर्ण होते. साधन नवे आहे. पण ज्या प्रश्नाला ते उत्तर देऊ पाहते तो प्रश्न जुना आहे. नाव देणारा प्रत्यक्ष येईल काय, आलेल्याला काम मिळेल काय, आणि त्याने जे स्वीकारले आहे ते त्याला नीट समजले आहे काय? या प्रश्नांची फार कठोर परीक्षा १९२३ साली याच नागपुरात झाली आणि सदर बाजाराकडे जाणारा रस्ता तिचा साक्षी आहे.

चार आण्यांची नोंद

डिसेंबर १९२० मध्ये काँग्रेसचे अधिवेशन नागपूर येथे भरले. अध्यक्षस्थानी सी. विजयराघवाचार्य होते, स्वागताध्यक्षपद वर्ध्याचे शेठ जमनालाल बजाज यांच्याकडे होते. चौदा हजारांहून अधिक प्रतिनिधी या अधिवेशनास आले. एवढ्या समुदायाची निवासाची, भोजनाची आणि मंडपातील व्यवस्था स्वयंसेवकांनीच पाहिली. त्या पथकाच्या उभारणीत डॉ. ल. वा. परांजपे व डॉ. केशव बळिराम हेडगेवार अग्रभागी होते.

असहकाराच्या ठरावामुळे हे अधिवेशन सर्वांच्या स्मरणात आहे. तेथेच मंजूर झालेल्या नव्या घटनेकडे मात्र तुलनेने कमी लक्ष जाते. त्या घटनेने चार आणे वर्गणी भरणाऱ्या कोणाही प्रौढ व्यक्तीस सभासदत्व खुले केले, प्रांतिक समित्या भाषावार केल्या आणि पन्नास हजार लोकसंख्येमागे एक असे प्रतिनिधींचे प्रमाण ठरविले. याचा अर्थ असा की गावोगावी कोणीतरी वही उघडून बसणे आवश्यक झाले. पुढल्याच वर्षी बेजवाडा येथे एक कोटी सभासद नोंदविण्याचा संकल्प झाला. नाव नोंदविणे हे राष्ट्रकार्याचे एक स्वतंत्र अंग झाले, त्याची पायाभरणी नागपुरात झाली.

प्रतिज्ञापत्र

सभासद आणि स्वयंसेवक यांत भेद आहे. सभासद वर्गणी देतो, स्वयंसेवक स्वतःला देतो. १९२१ च्या अखेरीस सरकारने ठिकठिकाणची स्वयंसेवक पथके बेकायदा ठरविली. त्याच डिसेंबरात अहमदाबाद अधिवेशनाने राष्ट्रीय स्वयंसेवक दलासाठी एक प्रतिज्ञापत्र संमत केले. नाव देणाऱ्याचे वय किमान १८ असावे, अशी अट होती. अहिंसा, सर्व धर्मीयांचे ऐक्य, खादी, हिंदू असल्यास अस्पृश्यतेचा त्याग आणि वरिष्ठांच्या आज्ञेचे पालन, ही कलमे त्यात होती. तुरुंगवास, मारहाण, प्रसंगी मृत्यूही पत्करण्याची तयारी सही करणाऱ्याने व्यक्त करावयाची होती.

शेवटचे कलम सर्वांत कठीण होते. आपण तुरुंगात गेलो तर कुटुंबाच्या पोटापाण्यासाठी काँग्रेसकडे काही मागणार नाही, असे त्यात लिहून द्यावे लागे. आज हे कलम निष्ठुर वाटेल. परंतु त्यातील प्रामाणिकपणा नाकारता येणार नाही. संस्था काय देऊ शकणार नाही, हे तिने सही होण्यापूर्वीच सांगितले होते. घरी वृद्ध आईवडील असणाऱ्याने, नुकत्याच संसाराला लागलेल्याने हे कलम वाचून लेखणी खाली ठेवली तर त्यात त्याचा कमीपणा नव्हता. अपुऱ्या माहितीवर मिळालेल्या शंभर सह्यांपेक्षा पूर्ण माहितीनिशी मिळालेल्या दहा सह्यांवर चळवळ अधिक विसंबू शकत होती.

सदरची वाट

इंग्रजांच्या छावण्यांतील मुख्य बाजारपेठेस ‘सदर बाजार’ म्हणत. नागपूरच्या सदरचे नाव त्याच परंपरेतले आहे. शेजारीच सिव्हिल लाइन्स, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्यांची वसाहत. मार्च १९२३ मध्ये जबलपूर येथे राष्ट्रध्वजावरून संघर्ष झाला आणि तो लवकरच प्रांताच्या राजधानीत, नागपुरात, येऊन पोहोचला. शहरातून निघून सिव्हिल लाइन्सच्या वाटेने सदरकडे चरख्याचा झेंडा घेऊन जाणाऱ्या मिरवणुकीस सरकारने मज्जाव केला. पांढरा, हिरवा व तांबडा असे पट्टे असलेला तो झेंडा गोऱ्या वस्तीतून जाणे सरकारला सहन होणारे नव्हते. १ मे १९२३ पासून जमनालालजींच्या नेतृत्वाखाली रीतसर सत्याग्रह सुरू झाला.

गांधीजी त्या वेळी येरवड्याच्या तुरुंगात होते. कायदेमंडळात जावे की न जावे, या वादाने काँग्रेस दुभंगली होती. चळवळीला मरगळ आली होती. अशा वेळी नागपूरच्या एका रस्त्याने देशभरातील तरुणांना बोलावले.

येथे यादीचे खरे महत्त्व दिसून येते. सत्याग्रही लहान लहान तुकड्यांनी निघत, मनाईच्या हद्दीपाशी अडविले जात आणि तुरुंगात जात. दुसऱ्या दिवशी दुसरी तुकडी लागे. एके दिवशी पाचशे माणसे आली आणि नंतर आठवडाभर कोणीच आले नाही, तर सत्याग्रह मोडला असता. उत्साहाला गती होती. तिला मोजून वापरणे हे व्यवस्थापकांचे काम होते. पहिल्या तुकड्यांनंतर स्थानिक मनुष्यबळावर सारा भार टाकणे शक्य नव्हते. गुजरात, बिहार, कर्नाटक, तमिळनाडू अशा प्रांतांतून स्वयंसेवक येऊ लागले. राजेंद्रप्रसादांनी बिहारमधून तुकड्या पाठविण्यात पुढाकार घेतला. जुलैमध्ये अखिल भारतीय काँग्रेस समितीची बैठक नागपुरातच भरली आणि या सत्याग्रहास तिने पाठिंबा दिला.

१७ जूनला जमनालालजींना अटक झाली. दर महिन्याची १८ तारीख ‘गांधी दिन’ म्हणून पाळली जाई. तिच्या आदल्याच दिवशी नेता उचलण्यामागील हेतू उघड होता. तरीही तुकड्या निघत राहिल्या. एका व्यक्तीच्या आठवणीत सारी व्यवस्था साठविलेली असती तर ती तिच्याबरोबर तुरुंगात गेली असती. २२ जुलैला वल्लभभाई पटेल यांनी नागपुरात येऊन सूत्रे हाती घेतली.

स्वयंसेवक की भटका?

येणाऱ्या स्वयंसेवकांना रोखण्यासाठी सरकारने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १०९ व्या कलमाचाही उपयोग केला. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेल्या, संशयास्पद भटक्यांसाठी ते कलम होते. विनोबा भावे यांना याच कलमाखाली पकडण्यात आले आणि तुरुंगात खडी फोडण्याचे काम देण्यात आले. पुढे त्यांना अकोल्याच्या तुरुंगातही ठेवले गेले. गीता आणि उपनिषदे मुखोद्गत असलेला हा पुरुष सरकारदप्तरी भटका ठरला!

यातून एक गोष्ट ध्यानी येते. माणूस एकच असतो. तो कोणत्या वहीत नोंदला जातो, यावर त्याची ओळख ठरते. सरकारच्या वहीत त्याला घर नव्हते, धंदा नव्हता. प्रांतिक समितीच्या यादीत मात्र त्याला गाव होते, प्रतिज्ञा होती आणि आपण कोणत्या कामासाठी आलो याचे उत्तर होते.

तुरुंगात गेलेल्यांची संख्या हजारावर गेली. सुभद्राकुमारी चौहान यांच्यासारख्या कवयित्रीने या सत्याग्रहात भाग घेतला. जैन समाजास अभिमान वाटावा अशी दोन नावेही येथे आढळतात. हस्तिनापूरच्या ऋषभ ब्रह्मचर्याश्रमाचे संस्थापक महात्मा भगवानदीन यांनी या सत्याग्रहात कारावास भोगला. त्यांचे भाचे आणि पुढे हिंदी कादंबरीकार म्हणून कीर्ती पावलेले जैनेंद्रकुमार त्या वेळी अवघे अठरा वर्षांचे होते. वार्ताहर म्हणून ते नागपुरात आले आणि त्यांनाही अटक झाली.

१८ ऑगस्ट १९२३ रोजी झेंडा घेऊन निघालेली मिरवणूक सिव्हिल लाइन्समधून गेली आणि ती अडविली गेली नाही. सत्याग्रह समाप्त झाल्याचे घोषित झाले. यथावकाश कैदी सुटले.

माफीनाम्याची कसोटी

तुरुंगाचा दरवाजा आतूनही उघडता येत असे. माफी लिहून दिली की सुटका होई. असे माफीनामे काहींनी दिले. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण जेथे नोंदणी घाईने झाली, तेथे माणूस प्रथमच तुरुंग पाहत होता, हेही विसरता येत नाही. उलट हुबळी सेवा मंडळाच्या स्वयंसेवकांनी माफी मागण्यास नकार दिला आणि त्यांचे नाव देशभर झाले. त्या मंडळाचे डॉ. नारायण सुब्बाराव हर्डीकर यांचा आग्रह होता की स्वयंसेवक आधी शिकवून तयार केला पाहिजे. ऐन वेळी नावे गोळा करून भागत नाही. डिसेंबर १९२३ मध्ये काकिनाडा अधिवेशनाच्या वेळी हिंदुस्थानी सेवा दल स्थापन झाले, त्याचे पहिले अध्यक्ष पंडित जवाहरलाल नेहरू होते. नागपूरच्या अनुभवातून निघालेला हा धडा होता : नोंद आणि सेवा यांच्यामध्ये शिक्षणाची एक पायरी असते.

पडद्यावरील अर्ज

स्वातंत्र्योत्तर काळात सेवेची नोंद शाळा-महाविद्यालयांत पोहोचली. गांधी शताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी, सरदार पटेलांच्या जयंतीदिनी, केंद्र सरकारने तरुणांच्या नोंदणीसाठी ‘माय भारत’ हे व्यासपीठ उघडले. ज्या पुरुषाने १९२३ साली नागपुरात स्वयंसेवकांची व्यवस्था सांभाळली, त्याच्याच जन्मदिनी, बरोबर शंभर वर्षांनंतर, हे घडले.

संकेतस्थळावरील नोंदीचे लाभ उघड आहेत. परगावचा विद्यार्थी रात्री अकरा वाजता नाव देऊ शकतो. एकाच वेळी किती जण येणार, सकाळच्या पाळीत किती, संध्याकाळी किती, हे व्यवस्थापकास तत्काळ कळते. एका कामाची संख्या पूर्ण झाली की पुढील नावे प्रतीक्षायादीत जातात. आदल्या दिवशी आठवणीचा संदेश पाठविता येतो.

परंतु नोंद जितकी सोपी, तितके तिचे ओझे हलके. बोटाच्या एका स्पर्शाने दिलेले नाव तितक्याच सहजतेने विसरलेही जाते. म्हणून जाणत्या संस्था अर्जातच काम, वेळ, जागा आणि जबाबदारी स्पष्ट लिहितात. प्रवासखर्च मिळणार नसेल तर तेही लिहितात. नोंद आल्यावर एखादा कार्यकर्ता दूरध्वनी करून दोन शब्द बोलतो. कामापूर्वी एक बैठक घेतली जाते. आलेल्याची हजेरी मांडली जाते आणि न आलेल्याची विचारपूस होते. नाव देऊनही ज्यास कोणी बोलाविले नाही, तो पुढच्या वेळी नाव देत नाही. संस्थेचे हे नुकसान कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

यादी राखणाऱ्यावर आता कायद्याचेही बंधन आले आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ साली संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. माहिती ज्या कारणासाठी घेतली त्याच कारणासाठी वापरावी, कारण संपले की ती पुसावी आणि अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत पालकांची पडताळता येणारी संमती घ्यावी, असे या कायद्याचे सूत्र आहे. अठराची ती रेषा अहमदाबादच्या प्रतिज्ञापत्रातही होती. सेवेसाठी दिलेला दूरध्वनी क्रमांक देणगीच्या आवाहनासाठी वा अन्य कोणाच्या प्रचारासाठी वापरणे, हा आता संकोचाचा विषय राहिलेला नाही; तो विश्वासभंग ठरतो.

तथापि पुसावयाची ती खासगी माहिती, सेवेची आठवण नव्हे. ज्याची इच्छा असेल त्याचे नाव आणि त्याने केलेले काम संस्थेच्या इतिहासात राहिले पाहिजे. झेंडा सत्याग्रहातील पुढाऱ्यांची नावे आज ग्रंथांत सापडतात. बिहारहून, कर्नाटकातून आलेल्या शेकडो तरुणांची नावे सामान्य वाचकास ठाऊक नाहीत. तरीही त्या रस्त्याने झेंडा पुढे गेला तो त्यांच्या पावलांनी.

आज सदरच्या रस्त्यांवर वाहनांची गर्दी आहे. ज्या वाटेवर एके काळी एक झेंडा अडविला गेला, तेथे आता कोणी थांबत नाही. जयंती-महोत्सवात, आरोग्यशिबिरात वा अन्नदानाच्या मंडपात उभा असलेला स्वयंसेवक त्याच परंपरेतला आहे. त्याच्यापुढे तुरुंग नाही, खडी नाही. त्याने दिला आहे तो आपल्या आयुष्यातील एक दिवस. वहीत असो वा पडद्यावर, त्याचे नाव लिहून घेणाऱ्याने तो दिवस वाया जाऊ देऊ नये.