डीव्हीडी फायनलाइझ करणे
घरच्या रेकॉर्डरवर किंवा कॅमेऱ्यात भरलेली डीव्हीडी इतर प्लेअरवर व संगणकावर चालावी म्हणून शेवटी करायची प्रक्रिया. तिच्यात तबकडीच्या आरंभीचा व अखेरचा भाग लिहिला जातो आणि कोणते चित्रण कुठे आहे याची अनुक्रमणिका पक्की होते. हे राहून गेले, की दुसरे यंत्र भरलेली तबकडीही कोरी समजू शकते. आतले चित्रण सहसा शाबूत असते, त्यामुळे ती फेकण्याची घाई करू नये. ज्या यंत्रात भरली, त्यातच आधी फायनलाइझ करून पाहावी. ‘डीव्हीडी-आर’मध्ये नंतर भर घालता येत नाही, ‘आरडब्ल्यू’ पुसून पुन्हा वापरता येते. १२ सेंमी.च्या एकपदरी तबकडीत ४.७ जीबी, कॅमेऱ्याच्या ८ सेंमी.च्या तबकडीत सुमारे १.४ जीबी मावतात.

सातपुड्याच्या पायथ्याच्या जळगाव जामोदहून (जि. बुलढाणा) लग्नाची डीव्हीडी अमेरिकेतल्या भाच्याला पाठवायची, तर फायनलाइझ करूनही अडचण उरते. भारतातील पाल या व्हिडिओ पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी, तिकडच्या एनटीएससीत सुमारे ३०. तिथला प्लेअर अडू शकतो. संगणक बहुधा अडत नाही.