हॅमिल्टन पर्वतावरील वायुवेगांचे दप्तर
कॅलिफोर्नियातील सांता क्लारा परगण्यात सुमारे 4,200 फूट उंचीचा हॅमिल्टन पर्वत आहे. जेम्स लिक या धनिकाने वेधशाळेसाठी 7 लाख डॉलर विश्वस्तांच्या हवाली केले व हे शिखर मुक्रर करताना अट घातली, की तेथवरचा रस्ता परगण्याने स्वखर्चाने बांधावा. रस्ता 1876 साली पुरा झाला, त्याच साली लिक निवर्तला, आणि 1888 मध्ये वेधशाळा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वाधीन झाली.

दुर्बिणीतून वर्षानुवर्षे निश्चल भासणाऱ्या वायूचा वेग वर्णपटातील रेषेच्या अतिसूक्ष्म स्थानांतरावरून मोजण्याची जी विद्या येथे वाढीस लागली, ती मला या स्थळाची सर्वांत मोलाची कमाई वाटते. जेम्स कीलर यांनी 1890-91 मध्ये येथील 36 इंची दुर्बिणीने तेजोमेघांचे वेग मोजले. विल्यम कँबेल यांनी छायाचित्रणाच्या साहाय्याने ताऱ्यांच्या वेगमापनास अपूर्व अचूकता आणली. हेच कँबेल 22 जानेवारी 1898 च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी आपल्या सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे मुक्कामास होते, आणि पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे नायगमवाला यांचे पथकही तेथेच उतरले होते, ही गोष्ट आपल्याकडे विस्मृतीत जावी याचा मला खेद वाटतो.

दक्षिण ध्रुवाकडील आकाश हॅमिल्टनवरून दिसत नसल्याने 1903 मध्ये चिलीतील सांतियागो येथे वेधशाळेचे ठाणे बसले. तेथे राल्फ विल्सन यांनी थोरल्या मॅगेलनी मेघातील 17 तेजोमेघांचे वेग मोजले, आणि ते सर्व सेकंदाला 250 किलोमीटरांहून अधिक वेगाने दूर जात असल्याचे आढळले. हा मेघ म्हणजे आकाशगंगेच्या शेजारची, अद्याप तारे प्रसवणारी एक बटु दीर्घिका होय, असा निर्णय तेव्हा झालेला नव्हता. नोंद मात्र दप्तरी दाखल होऊन राहिली.

वायूचा वेग वर्णपटावरून मोजण्याच्या याच विद्येच्या आधारे 1963 साली लिंड्स व सँडेज यांनी सप्तर्षींच्या दिशेस असलेल्या एम-82 या लहान दीर्घिकेतून, तिच्या चकतीस काटकोन करून, वायूचे तंतू बाहेर उसळत असल्याचे दाखविले. त्यांनी तो केंद्रातील महास्फोट मानला. नवजात ताऱ्यांचे प्रखर वारे आणि अतिदीप्त नवताऱ्यांचे स्फोट एकवटून हा प्रवाह उठतो, हे पुढे उलगडले. बटु दीर्घिकांत गुरुत्वाकर्षणाचा अंमल दुर्बळ असल्याने असा वायू सहज निसटू शकतो, आणि ताऱ्यांनी घडविलेली जड मूलद्रव्येही बरोबर नेतो. जिराफ तारकासमूहातील एनजीसी 1569 या बटु दीर्घिकेच्या तप्त वाऱ्यात चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीला ऑक्सिजन व सिलिकॉन यांच्या खुणा सापडल्या, त्या याच निर्गमनाच्या.