थोरांचा पोरखेळ

२० जुलै २०२५ रोजी लातुरात राष्ट्रवादी काँग्रेसचे प्रदेशाध्यक्ष सुनील तटकरे यांच्यासमोरच्या टेबलावर पत्ते फेकले गेले. तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेच्या सभागृहात मोबाइलवर रमी खेळत होते, असा आरोप झाला होता. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरत होती आणि छावा संघटनेचे कार्यकर्ते त्यांचा राजीनामा मागायला आले होते. पुढे तिथे मारहाण झाली, त्यावरून नवे राजकारण झाले. कोकाटे यांनी आरोप नाकारला. मोबाइलवर आपोआप आलेला खेळ आपण बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे होते. महिनाअखेरीस त्यांचे कृषी खाते काढले गेले आणि क्रीडा खाते त्यांना मिळाले. त्यावर महाराष्ट्रभर जे विनोद झाले, ते वाचकांना आठवत असतील.

त्याच दिवसांत, २८ जुलैला, नागपूरची १९ वर्षांची दिव्या देशमुख जॉर्जियातल्या बाटुमी शहरात महिलांचा बुद्धिबळ विश्वचषक जिंकली. तिचे हारतुऱ्यांनी स्वागत झाले. एका खेळाला हार आणि दुसऱ्या खेळाचे पत्ते अपमान म्हणून तोंडासमोर फेकायचे, हा फरक मला महत्त्वाचा वाटला. मंत्र्याने सभागृहात काय करावे हा कर्तव्याचा प्रश्न आहे आणि त्यात दुमत असायचे कारण नाही. पण एखाद्या मोठ्या माणसाला खाली पाहायला लावायचे असेल तर त्याच्यासमोर खेळ आणून टाकावा, हे आपल्याला कुणी शिकवले? मोठ्या माणसाचे खेळणे मराठी समाजाला नेमके केव्हा खटकते? गेली काही वर्षे जुने ग्रंथ आणि कायदे वाचताना याच प्रश्नाचा माग मी काढत आलो आहे. मोबाइलवर व्हिडिओ गेम खेळणाऱ्या आजच्या प्रौढ माणसाकडे घरचे ज्या नजरेने पाहतात, तिचे मूळही या प्रश्नातच आहे.

आधी भाषा पाहू. हलके, बेजबाबदार काम म्हणजे 'पोरखेळ'. कामाचा विचका झाला की 'खेळखंडोबा'. पत्ते आपण खेळतो तसे 'कुटतो'ही. कुटणे हा शब्द वापरला की बोलणाऱ्याच्या मनातली नाराजी आपोआप कळते. कुणी कशात रमला तर तो 'नादी लागला'. या सगळ्या शब्दांचा रोख एकच आहे : खेळ हा लेकरांचा, थोरांनी तो केला की काहीतरी बिघडले. भाषेवरून निकाल द्यायचा तर मराठी माणसाने मिसरूड फुटल्यावर कधी खेळूच नये.

इतिहास मात्र वेगळे सांगतो. लातूरच्या सीमेपलीकडे बसवकल्याण आहे. ती कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. आमच्या देगलूर तालुक्यातली होट्टलची मंदिरे त्याच राजवटीची खूण आहेत. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्याचे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागात वीस अध्याय. त्यांतला चौथा भाग विनोदाचा आणि पाचवा क्रीडेचा. राज्य कसे मिळवावे आणि कसे टिकवावे हे सांगून झाल्यावर राजाने फासे आणि कवड्या कशा खेळाव्यात, हेही त्याच गांभीर्याने सांगितले आहे. शंभरातले चाळीस अध्याय मनोरंजनाला देणाऱ्या त्या राजाला खेळणे पोरकट वाटत नव्हते.

राजाचे सोडा. महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेले पट आजही सापडतात. कुठे वाघबकरीच्या रेषा, कुठे नवकंकरीचे चौकोन, कुठे सोंगट्या फिरवायचे खळगे. दगडात एवढ्या मेहनतीने पट कोरणारे हात लहान लेकरांचे नव्हते. तिथे थांबलेले वाटसरू, पहारेकरी, कारागीर यांचेच ते असणार. तुळशीदास शाहिराच्या तानाजीच्या पोवाड्यात तर जिजाबाई शिवाजीराजांबरोबर सारीपाट मांडतात आणि डाव जिंकून सिंहगड मागतात. घटना इतिहासात तशी घडली की नाही हा वेगळा मुद्दा. पण राजमाता फासे टाकताना दाखवल्याने तिची थोरवी कमी होते, असे त्या शाहिराला वाटले नाही आणि ते ऐकणाऱ्यांनाही नाही. १८७१ साली औरंगाबादच्या पंडित हरिकृष्णांनी 'क्रीडाकौशल्य' लिहिले, त्यात बुद्धिबळापासून पत्त्यांपर्यंतचे खेळ नियमांसह नोंदवले. ज्योतिषाचा मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या विद्वानाने केलेले ते काम आहे.

आणि वारी? रिंगणानंतर साठीसत्तरीचे आजोबा फुगडी घालतात, हुतुतू खेळतात, आणि बघणारे त्यांच्या पाया पडतात. पैठणच्या एकनाथांनी भारुडांत फुगडी, पिंगा, हमामा आणले. तुकोबांच्या गाथेतही खेळांचे अभंग आहेत. मंगळागौरीला संसारात बुडालेल्या बायका रात्रभर झिम्मा-फुगडी खेळतात. नागपंचमीला सासुरवाशिणीला माहेरी झोका मिळतो. मोक्षपटाचे मराठी पट उपलब्ध आहेत. आज मुलांसाठी घरात आणतो ती सापशिडी त्याच घराण्यातली, पण मोक्षपटावर थोरांना पापपुण्याचा हिशेब शिकवला जाई.

हे सगळे एकत्र ठेवल्यावर मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपल्या समाजाने मोठ्यांना खेळायला कधीच बंदी केली नाही, फक्त तीन अटी घातल्या. खेळाला ठरलेला वेळ हवा : सण, यात्रा, पेरणीआधीची उन्हाळी दुपार. खेळाला सोबत हवी : चार माणसे, पार, माजघर. आणि खेळाला निमित्त हवे : देव, व्रत, निदान पाहुण्यांचा मान. या तीन अटी पाळल्या की सत्तरीची आजीही पिंगा घालू शकते. त्या मोडल्या की तिशीचा मुलगाही 'वाया गेला' ठरतो.

चौथी गोष्ट पैशाची. ती अट नव्हे, भीती आहे, आणि तिचे कारण खरे आहे. महानुभावांच्या 'लीळाचरित्रा'त चक्रधरस्वामींच्या पूर्वायुष्याची कथा येते. गुजरातेतल्या भडोचच्या प्रधानाचा मुलगा हरिपाळदेव याला द्यूताचा नाद होता. एकदा तो मोठी रक्कम हरला. देणे फेडायला त्याने पत्नी कमळाइसेकडे दागिने मागितले, तिने दिले नाहीत. त्या उद्वेगातून तो घर सोडून रामटेकच्या वाटेला लागला. पुढे काय झाले ते मराठवाड्याला सांगायला नको. पैठण आणि माहूर ही पंथाची मोठी स्थाने आपल्याकडेच आहेत. या कथेकडे आपण वैराग्याची सुरुवात म्हणून पाहतो. मला तिच्यात आणखी काही दिसते. हरलेला माणूस घरी येऊन पैसे मागतो, घरातली बाई आपले स्त्रीधन राखते, आणि त्या नकारानंतर दोघांत बोलायला काही उरत नाही. आजही हेच घडते. फक्त त्यातून प्रत्येक वेळी चक्रधर निघत नाहीत.

खेळ आणि जुगार यांत भेद करायचा प्रयत्न आपल्या कायद्याने बराच आधी केला. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट दिली. निजामाच्या राज्यात, ज्यात तेव्हा आमचा मराठवाडाही होता, फसली १३०५ चा वेगळा जुगार कायदा होता. गंमत अशी, की रमीविषयीचा भारतातला सर्वांत गाजलेला निकाल याच निजामी कायद्याखालच्या खटल्यात लागला. सिकंदराबादच्या एका क्लबवर खटला भरला गेला होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की रमीत पत्ते लक्षात ठेवावे लागतात, कोणता धरायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवावे लागते, म्हणून ती मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे. पुढे मोबाइलवरच्या रमीचा सगळा धंदा या एका वाक्याच्या आधाराने उभा राहिला. १९९५ साली कर्नाटकातल्या एका प्रकरणात व्हिडिओ गेमच्या दुकानांना परवाना लागू करण्याचा सरकारचा अधिकार न्यायालयाने मान्य केला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि जुनी कसोटी बाजूला ठेवली. कौशल्य असो वा नशीब, ऑनलाइन खेळात पैसे लावले जात असतील तर बंदी. पैशाशिवायचे खेळ आणि ई-स्पोर्ट्स यांना मात्र मान्यता. डोके किती लागते, या प्रश्नावरून कायदा पैसा कुणाच्या खिशातून जातो, या प्रश्नावर आला. त्याला १३८ वर्षे लागली.

कायदा तिथे पोचला, घरे अजून पोचली नाहीत. घरात पैसे लावणारा आणि न लावणारा, दोघेही एकाच रांगेत उभे असतात. कारण व्हिडिओ गेम आपल्या तिन्ही जुन्या अटी मोडतो. त्याला वेळ नाही, तो मध्यरात्रीही चालतो. त्याची सोबत दिसत नाही. पब्जीत चौघे मिळून खेळत असले तरी घरच्यांना दिसतो तो कानात बोंडे घालून एकटाच बोलणारा माणूस. आणि त्याला निमित्त नाही, ना देव ना व्रत. शिवाय २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पब्जीसह ११८ ॲपवर बंदी घातली. तिचे कारण देशाची सुरक्षा हे होते. लोकांनी मात्र अर्थ काढला की खेळच वाईट होता.

मी विष्णुपुरीत राहतो. एका बाजूला गोदावरीवरचा प्रकल्प, दुसऱ्या बाजूला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालये. इथे शिकायला आणि शिकवायला आलेली माणसे खूप. विद्यार्थ्याने गेम खेळला तर लोक हसून सोडून देतात. नोकरी लागली, लग्न झाले की तेच बोट गुन्हेगार ठरते. माझ्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक रोज संध्याकाळी ओट्यावर चारचौघांत पत्ते खेळतात, येणारा-जाणारा त्यांना 'गुरुजी, काय डाव?' म्हणून विचारतो. तेच गुरुजी मोबाइलवर गोळ्या जुळवायचा खेळ खेळतात तेव्हा खोलीचे दार लोटून घेतात. सून चहा घेऊन आली की फोन पालथा. ओट्यावर दोन तास जातात, खोलीत अर्धा तास. लाज मात्र खोलीतल्या अर्ध्या तासाची. बायकांना तर तेवढीही मोकळीक नाही. स्वयंपाक आटोपल्यावर मालिका पाहणाऱ्या बाईला कुणी काही म्हणत नाही. तिच्या हातात गेम दिसला की तिच्या संसाराचा हिशेब निघतो.

खेळाचा आजार होतच नाही, असे मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' आजारांच्या यादीत घेतला. पण त्याची लक्षणे वाचण्यासारखी आहेत : खेळण्यावरचा ताबा सुटणे, बाकी सगळ्या गोष्टींच्या वर खेळ जाणे, नुकसान दिसत असूनही न थांबणे, आणि हे साधारण वर्षभर चालणे. त्यात वयाची अट नाही. रोज किती तास, असा आकडाही नाही. चाळिशीतल्या माणसाने जेवणानंतर तासभर गाडी पळवली तर तो या व्याख्येत बसत नाही.

सरसकट हिणवण्याने नुकसान होते ते इथेच. जो नुसता खेळतो, तो लपवायला शिकतो. आणि जो खरोखर बुडत असतो, तो त्याच लपवण्याच्या आड बुडतो. आमच्या भागातल्या एका तरुणाने रमीत घातलेल्या पैशांसाठी कर्ज काढले होते. घरच्यांना तो रात्री गेम खेळतो हे माहीत होते. त्यावरून रोज टोमणे होते. टोमण्यांचा विषय मात्र सदैव 'हे काय वय आहे का' हा. पैशाबद्दल कुणी विचारले नाही, आणि त्यानेही सांगितले नाही. जे हसू आधीच होत होते, त्यात कर्जाची भर घालायची त्याला हिंमत झाली नाही. वसुलीचे फोन भावाला यायला लागले तेव्हा घराला कळले. वेळेत कळले, एवढेच नशीब.

म्हणून या दिवाळीत कुणाच्या हातात गेम दिसला तर वय विचारू नये. विचारायचेच तर तीन गोष्टी विचाराव्यात. यात पैसे लागतात का? झोप, काम, लेकरे यांतले काय मागे पडते आहे? आणि हे कुणापासून लपवावे लागते का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेल तर बाजूला बसावे, डाव कसा खेळतात ते समजून घ्यावे. उत्तर 'हो' असेल तर आणखी निवांत बसावे. हरिपाळदेवाच्या घरात दागिने मागण्याआधी असे बोलणे झाले होते की नाही, ते लीळाचरित्रात येत नाही. आपल्या घरात ते होऊ शकते.