पांढऱ्या कंठाची मुनिया

एस्ट्रिल्डिडी कुलातील, सुमारे ११ सेंमी. लांबीचा बिया टिपणारा पक्षी. शास्त्रीय नाव युओडायस मलबारिका. नर-मादी सारखेच दिसतात: पाठ मातकट, पोट व कंबर पांढरी, शेपटी काळी व टोकदार, चोच जाड, रुपेरी-निळसर. धाराशिव जिल्ह्यातील बालाघाटाचे कोरडे माळ, काटेरी झुडपे आणि ज्वारीची शेते तिला मानवतात. मुख्य अन्न गवताचे बी. म्हणून माळ पडीक समजून नांगरणे तिच्या मुळावरच येते. बाभळी-बोरींत ती गवताचे गोल घरटे बांधते. सुगरणीने सोडलेले घरटेही बिनदिक्कत वापरते. एरवीही अशा घरट्यात अनेक मुनिया रात्री दाटीवाटीने झोपतात. अंडी पांढरी, बहुधा ४ ते ८. नर-मादी दोघेही ती सुमारे ११ दिवस उबवतात.