उरलेलं इंजिन

एकापेक्षा दोन इंजिनं बरी, असं आपल्याला सहज वाटतं. एक बंद पडलं तर दुसरं आहेच की! पण विमानांचा इतिहास वाचू लागलं की कळतं, या उरलेल्या इंजिनानेच अनेकांचा घात केला आहे. दोन इंजिनांची मॉडेल विमानं बनवणारी बरीच मंडळी इंजिनांची तोंडं नाकासमोर सरळ न ठेवता दोन-तीन अंश बाहेरच्या अंगाला वळवतात. त्या छोट्याशा कोनामागे हीच भीती आहे.

प्रोपेलर एका दिशेला फिरला की विमान उलट दिशेला कलू पाहतं. राइट बंधूंना हे ठाऊक होतं. त्यांच्या विमानात साधारण १२ अश्वशक्तीचं इंजिन एकच होतं, प्रोपेलर मात्र दोन. इंजिनापासून प्रोपेलरपर्यंत सायकलसारख्या साखळ्या होत्या. त्यातली एक साखळी त्यांनी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी पीळ देऊन बसवली. त्यामुळे दोन्ही प्रोपेलर एकमेकांच्या उलट फिरत आणि एकमेकांचा परिणाम मारत. १७ डिसेंबर १९०३ ला ते विमान उडालं, पहिल्या खेपेला १२ सेकंद. ताकद एकाच इंजिनाची, त्यामुळे साखळी तुटल्याशिवाय एक बाजू जाऊन दुसरी उरण्याचा प्रश्न नव्हता.

दोन स्वतंत्र इंजिनं आली आणि तो प्रश्न उभा राहिला. याचं बोलकं उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या लॉकहीड कंपनीचं पी-३८ लाइटनिंग हे लढाऊ विमान. ते पहिल्यांदा उडालं २७ जानेवारी १९३९ ला. दोन्ही बाजूंना हजारावर अश्वशक्तीचं एकेक इंजिन, आणि प्रोपेलर राइट बंधूंसारखेच एकमेकांच्या उलट फिरणारे. दोन्ही चालू असताना विमान कसं सुतासारखं सरळ!

खरी परीक्षा उड्डाणाच्या क्षणी. विमान धावपट्टी सोडताना वेग कमी असतो आणि इंजिनं पूर्ण जोरात असतात. अशा वेळी एक बंद पडलं तर दुसरं विमानाला गर्रकन फिरवून उलथं करी. बैलगाडीचा एक बैल बसला आणि दुसऱ्याला चाबूक मारला तर गाडी कुठे जाईल? तसंच हे. घाबरलेल्या वैमानिकाला वाटे, उरलेल्या इंजिनाच्याच जोरावर निभावून न्यावं. शिकवण मात्र उलटी द्यावी लागली. आधी चांगल्या इंजिनाचा जोर कमी कर आणि विमान सावर. मग बंद प्रोपेलरची पाती वाऱ्याला धार दाखवतील अशी वळव आणि त्यानंतर हळूहळू जोर वाढव. लॉकहीडचे चाचणी वैमानिक टोनी लव्हिअर १९४४ मध्ये इंग्लंडला गेले आणि त्यांनी तिथल्या अमेरिकन वैमानिकांना एक इंजिन बंद करून कसरती करून दाखवल्या. विमान नव्हे, भीती दुरुस्त करायची होती.

मॉडेलचा वैमानिक तर जमिनीवर उभा असतो. विमानाची ओढ त्याच्या अंगाला जाणवत नाही. डोळ्यांना दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून थोडा उपाय आधीच करून ठेवायचा. उजव्या इंजिनाचं तोंड जरा उजवीकडे, डाव्याचं डावीकडे. दोन्ही चालू असताना या बाजूच्या ओढी एकमेकींना मारतात. एक बंद पडलं तर उरलेल्याची ओढीची रेषा विमानाच्या गुरुत्वमध्याच्या थोडी जवळून जाते. दार बिजागरीजवळ ढकललं की कमी फिरतं, तोच न्याय.

थोडी म्हणजे किती? माझा विषय इतिहास, तरी नातवाला सोबत घेऊन आकडे मांडले. इंजिन मधल्या रेषेपासून १५ सेंमी बाजूला आणि गुरुत्वमध्याच्या १० सेंमी पुढे धरलं. दोन अंशांनी ते १५ सेंमीचं अंतर सुमारे १४.६ सेंमी झालं. जेमतेम साडेतीन मिलिमीटरचा फरक! रेषा थेट गुरुत्वमध्यातून न्यायची तर इंजिन ५६ अंश वळवावं लागेल. मग ते विमान पुढे कसलं जाणार?

म्हणजे कोनाचा आधार आहे, पण तोकडा. बाकीचं काम रडरचं आणि थ्रॉटल मागे घेणाऱ्या अंगठ्याचं. आता विजेच्या मोटरी आल्यात. त्यांच्या तीन तारांपैकी दोन अदलून जोडल्या की मोटर उलटी फिरते; तिला उलट्या पात्यांचा प्रोपेलर लावला की राइट बंधूंची पिळाची साखळी तयार! इंधनावरच्या छोट्या इंजिनांत मात्र एकाचं इंधन दुसऱ्याच्या आधी संपायचं, आणि मग पी-३८ चाच प्रसंग लहान रूपात मैदानावर घडायचा.

तिथे फार तर लाकूड मोडायचं. "आधी जोर कमी कर" ही पी-३८ च्या वैमानिकांना दिलेली सूचना मात्र किती तरुणांच्या जिवाच्या मोलाने लिहिली गेली, हा विचार मनातून जात नाही.

असो. तुमच्यापैकी कुणी एन.सी.सी.च्या हवाई विभागात असताना मॉडेलं उडवली असतील, तर आठवणी जरूर लिहा.